नोंदणी झाली, आता माणसं नेमा

गोव्यात बारावी किंवा पदवी झालेल्या मुलाला घरची माणसं पहिलं काम सांगतात ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालण्याचं. सरकारी जाहिरात निघाली की अर्जाबरोबर ते कार्ड लागतं, पंधरा वर्षांचा निवासी दाखला लागतो. म्हणून दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवलेले असतात. पूर्वी त्यासाठी पणजीची फेरी मारावी लागे, आता नोंदणी ऑनलाइन होते. मुदत संपायच्या आत कार्डाचं नूतनीकरण करायचं, एवढं सोडलं तर त्या माणसाचा आणि त्या कार्यालयाचा संबंध तिथेच संपतो. वर्षं जातात, यादी वाढत राहते. रोजगार विनिमय केंद्राच्या यादीवर एक लाखाहून अधिक नावं असल्याचं वेळोवेळी समोर आलं आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, हे लक्षात घेतलं की तो आकडा केवढा ते कळतं.

त्यावर सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: यातले पुष्कळजण खासगीत नोकरी करतात, सरकारी नोकरीच्या आशेनं नाव ठेवतात. उत्तर खरं आहे. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, म्हापशाच्या दुकानात हिशेब लिहिणारी, घरी शिकवण्या घेणारी, असे सगळे या यादीत आहेत. पण ज्याच्या हाताला खाण बंद पडल्यापासून नीट काम लागलेलं नाही असा पिसुर्ल्याचा माणूसही याच यादीत आहे. या दोघांतला फरक यादीवरून कळत नाही. विरोधक आकडा पुढे करतात, सरकार तो खोडून काढतं, आणि ज्याला चार-पाच वर्षं काम नाही तो कुणाच्याच हिशेबात येत नाही. त्याला शोधून काढणारं, त्याच्याशी बोलणारं, त्याला पुन्हा पुन्हा भेटणारं माणूस सरकारनं नेमलेलंच नाही. ते नेमावं, अशी माझी मागणी आहे: प्रत्येक तालुक्यात, कायमस्वरूपी, प्रशिक्षण देऊन, आणि एकेकाच्या वाट्याला शंभर-दीडशेहून अधिक माणसं न देता. पोर्टल, रोजगार मेळावे आणि कौशल्य शिबिरं यांच्यावर पुढचा रुपया खर्च करण्याआधी हे व्हायला हवं.

केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीत 2022-23 साली गोव्याचा बेकारीचा दर 9.7 टक्के आला, 2023-24 साली 8.5 टक्के. दोन्ही वर्षी देशाचा दर 3.2 टक्के होता. लहान राज्यात पाहणीचा नमुनाही लहान असतो, त्यामुळे आकडा थोडा वरखाली होऊ शकतो, हे मला मान्य आहे. माझी अडचण वेगळी आहे. बारा जण एकेक महिना कामाविना राहिले काय किंवा एकटाच बारा महिने राहिला काय, सरासरीत दोन्ही सारखंच दिसतं. घरात ते सारखं नसतं. महिनाभर काम नसलेला माणूस उसने पैसे घेतो आणि फेडतो. वर्षभर काम नसलेल्याला उसनं मिळायचं बंद होतं, आणि मग तो स्वतःच माणसांत जायचं बंद करतो.

सलग 12 महिने किंवा त्याहून अधिक काळ काम शोधूनही मिळालं नाही तर ती दीर्घकालीन बेकारी, असं बहुतेक देशांत मानतात. ही मर्यादा उगाच ठरलेली नाही. अमेरिकेत संशोधकांनी हजारो बनावट अर्ज कंपन्यांना पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव सारखाच दाखवला, फक्त माणूस किती महिने बेकार आहे ते बदलत ठेवलं. बेकारीचा काळ जसा लांबला तसे मुलाखतीचे फोन कमी झाले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या 8 महिन्यांतच झाली. म्हणजे माणूस आळशी होण्याची वाट न बघताच मालकानं त्याला आळशी ठरवलेलं असतं. आपल्याकडे वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही. ‘मधली चार वर्षं काय करत होता?’ हा प्रश्न कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतही विचारला जातो, आणि त्याचं उत्तर नीट कसं द्यायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावात 1930 च्या सुमारास कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. तिथे जाऊन अभ्यास केलेल्या संशोधकांनी नोंदवलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुष रस्त्यानं सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायकांच्या मागे घरकाम होतं, त्यांची चाल पुरुषांपेक्षा भराभर राहिली. या नोंदींना आता नव्वदहून अधिक वर्षं झाली. साखळी, पाळी, वेळगे, सुर्ल या खाणींच्या पट्ट्यात ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना त्या वाचताना परक्या वाटणार नाहीत.

खाणींची हकीकत गोवेकरांना पाठ आहे, तरी तारखा सांगतो, कारण बेकारीचा काळ मोजायला त्या लागतात. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेसह बंदी उठली. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. 2022 च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, त्यानंतर काही खाणपट्टे चालू झाले. 2012 साली चाळिशीत असलेला टिपरचालक आता पन्नाशी ओलांडून गेला. तेव्हा शाळेत असलेला त्याचा मुलगा आता स्वतः एक्स्चेंजचं कार्ड बाळगून आहे.

खाणींनी शेतं, झरी आणि नद्यांचं काय केलं हे मी जवळून पाहिलं आहे. मनमानी खाणकाम थांबायलाच हवं होतं, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणून तर या माणसांची जबाबदारी माझ्यासारख्यांवर जास्त येते. पर्यावरणासाठी एक धंदा थांबवा म्हणायचं आणि त्या धंद्यावर जगणाऱ्यांचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही, हे योग्य नाही. खाणबंदीनंतर मदत आली, पण ती मुख्यतः पैशांची आणि कर्जसवलतीची. ट्रक किती, बार्ज किती, थकबाकी किती, या हिशेबानं ती वाटली गेली. ती गरजेची होती, तिला मी नावं ठेवत नाही. पण मदतीचा हप्ता संपल्यावर त्या माणसानं सकाळी उठून कुठे जायचं, हे विचारायला एकही कर्मचारी त्याच्या दारी गेला नाही. आणि ज्याच्या नावावर ट्रकच नव्हता, जो दुसऱ्याचा ट्रक चालवायचा, त्या ट्रकांची पंक्चरं काढायचा, रस्त्याकडेला भजी-पाव विकायचा, तो या हिशेबाच्या कडेला राहिला.

असा कर्मचारी, म्हणजे रोजगार समुपदेशक, नेमला तर तो नेमकं काय करील, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून तोच टेबल, तेच रजिस्टर असतं. म्हणून सविस्तर सांगतो.

समजा, सत्तेचाळीस वर्षांचा, आठवी शिकलेला, अठरा वर्षं टिपर चालवलेला माणूस आहे. त्याचा अवजड वाहनाचा परवाना मध्यंतरी संपला. परवाना संपून वर्ष उलटलं की नुसत्या नूतनीकरणानं भागत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. ती द्यायला त्याला लाज वाटते. मधुमेह आहे, औषध मध्येमध्ये बंद असतं. सहकारी पतसंस्थेचं कर्ज थकलेलं आहे, आणि त्यापायी त्यानं गावातल्या चार ओळखीच्या लोकांना टाळायला सुरुवात केली आहे. नेमके हेच लोक त्याला काम सांगू शकले असते. चवथीला पाहुणे आले की तो मागच्या दारानं बाहेर पडतो. या माणसाला ‘करिअर मार्गदर्शन’ या विषयावर एका हॉलमध्ये तीन तास व्याख्यान दिलं तर काय होईल? त्याला लागतं ते एकच माणूस, जे पहिल्या भेटीत फक्त ऐकून घेईल, दुसऱ्या भेटीत त्याच्याबरोबर आरटीओत जाईल, तिसऱ्या भेटीत प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध पुन्हा सुरू करून देईल, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाशी हप्त्यांबद्दल बोलेल, आणि मग कुठल्या वाहतूकदाराला, कुठल्या शाळेच्या बसला, कुठल्या कारखान्याला पन्नाशीकडे झुकलेला शांत डोक्याचा चालक हवा आहे ते शोधेल. यातलं एकही काम अवघड नाही. सगळी मिळून एका माणसाचे पुष्कळ तास खातात, आणि हे तास देणारं कुणी नाही.

सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावची अडतीस वर्षांची बाई घ्या. बी.कॉम. आहे, लग्नाआधी दोन वर्षं काम केलं, मग मुलं आणि सासूचं आजारपण यांत दहा वर्षं गेली. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही, कारण कार्डाचं नूतनीकरण केव्हाच राहिलं. काम आहे ते कळंगुट-कांदोळीला, आणि वाळपईहून ते पन्नासेक किलोमीटर. हॉटेलातली पाळी रात्री सुटते आणि त्या वेळी आतल्या गावांकडे जाणारी बस नसते. तिच्यासाठी नोकरीचा प्रश्न खरं तर बसचा प्रश्न आहे. एकाच भागातल्या अशा आठ-दहा बायका एका समुपदेशकाच्या नोंदीत असतील तर तो दोन-तीन मालकांना एकत्र बसवून गाडीची सोय करून घेऊ शकतो, नाहीतर जवळच्या होंडा किंवा पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत दिवसपाळीची जागा शोधू शकतो. त्या बाईनं एकटीनं फोन करून हे होणार नाही. पोर्टलला तर बस कुठे आणि किती वाजता सुटते हे ठाऊकच नसतं.

तिसरा प्रकार गोव्यात सर्वांत जास्त आणि बोलायला सर्वांत अवघड. बत्तीस-तेहतीस वर्षांचा पदवीधर, जो आठ वर्षं सरकारी जाहिरातींमागे आहे. मधूनमधून कंत्राटी कामं करतो, सोडतो. घरात त्याला कुणी बेकार म्हणत नाही, ‘प्रयत्न करतोय’ म्हणतात. निवडणुका जवळ आल्या की जाहिराती वाढतील, आमदार शब्द देईल, ही आशा त्याच्या आईवडिलांनीही धरलेली असते. त्याला ‘सरकारी नोकरीचा नाद सोड’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्याचं ऐकून, त्याच्या गुणांचा आणि वयाचा हिशेब समोर मांडून, ‘अजून एवढ्या परीक्षा दे, आणि बरोबरीनं हे दुसरं सुरू कर’ असं सांगणारा कुणी नाही. 2024 च्या अखेरीस सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत आल्या. दागिने मोडून पैसे देणारी ती कुटुंबं मूर्ख नव्हती. नोकरीपर्यंत पोचण्याचा रस्ता माहीत असलेला प्रामाणिक माणूस त्यांना भेटलाच नव्हता, आणि ती जागा दलालानं भरून काढली.

माणसं नेमायची ही कल्पना काही माझ्या पदरची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1948 साली रोजगार सेवेविषयी 88 क्रमांकाचा करार केला आणि भारतानं तो 1959 साली मान्य केला. रोजगार सेवा मोफत असावी, तिची कार्यालयं पुरेशी आणि लोकांना सोयीच्या जागी असावीत, असं त्यात आहे. कर्मचाऱ्यांबद्दल तर त्यात स्वतंत्र कलम आहे. ते सरकारी सेवक असावेत, सरकार बदललं तरी त्यांना धक्का लागू नये, बाहेरच्या अनुचित दडपणापासून ते मोकळे असावेत, त्यांची निवड फक्त पात्रतेवर व्हावी आणि त्यांना पुरेसं प्रशिक्षण मिळावं. याच 1959 साली आपल्याकडे रिक्त जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक करणारा कायदा आला. पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू झाला, पण कळवलेल्या जागा एक्स्चेंजमार्फतच भरायचं बंधन त्यात नव्हतं, आणि न कळवल्यास पहिल्या वेळी दंड होता जास्तीत जास्त 500 रुपये. करारातला माणसांचा भाग मागे पडला आणि कायद्यातला नोंदवहीचा भाग तेवढा आपल्या हाती राहिला. मुळात ही कार्यालयं 1945 साली महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी उघडली गेली होती. 1956 मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि एक्स्चेंज आपल्याकडे आलं ते असं, घडी आधीच बसलेलं. 2015 च्या जुलैत नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आलं. 2025 च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक्स्चेंजला ‘करिअर सेंटर’ असं नाव मिळालं. पाटी बदलायला हरकत नाही, पण आत कोण बसणार आहे याबद्दल मी अजून काही ऐकलेलं नाही.

किती माणसं नेमायची, याचं उत्तर अंदाजानं द्यावं लागत नाही. जर्मनीच्या कायद्यात प्रमाण लिहिलेलं आहे: पंचवीस वर्षांखालच्या बेकारांसाठी 75 जणांमागे एक कर्मचारी, त्यावरच्यांसाठी 150 जणांमागे एक. तिथेच 2007 पासून 14 कार्यालयांत ही संख्या सत्तरच्या आसपास आणून पाहिली; बेकारीचा काळ कमी झाला, आणि नव्या नेमणुकांचा खर्च वाचलेल्या भत्त्यातून भरून निघाला. ऑस्ट्रियातल्या लिन्झ शहरात एका समुपदेशकाकडची संख्या 250 वरून 100 वर आणण्याचा प्रयोग झाला, तिथेही हेच दिसलं. युरोपीय संघानं 2016 साली सदस्य देशांना सांगितलं की बेकारीचे 18 महिने पूर्ण होण्याआधी प्रत्येकाशी बसून लेखी आराखडा करा, आणि त्याला दहा दारं फिरायला न लावता संपर्काची एकच जागा ठरवून द्या.

आपल्याकडे बेकारभत्ता नाही, त्यामुळे जर्मनीसारखी बचत आपल्या तिजोरीत दिसणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली (ईएसआय) आलेल्या कामगाराची नोकरी गेली तर काही अटींवर 90 दिवसांपर्यंत निम्म्या पगाराएवढी मदत मिळते. ती योजना 2018 पासून आहे. तिच्याबद्दल ऐकलेला कामगार मला क्वचितच भेटला आहे, आणि हाही सांगणारा माणूस नसण्याचाच परिणाम. भत्ता नसल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. जर्मनीतला बेकार भत्त्यासाठी का होईना कार्यालयात येतो. आपला बेकार तिथे आला तर फक्त उपयोग होईल या भरवशावर येणार. एकदा आला, कुणी नीट बोललं नाही, की परत येणार नाही. म्हणून आपल्याला माणसं त्यांच्याहून अधिक चांगली लागतील.

खर्चाचा हिशेब करून पाहू. समजा, गावोगाव फिरून शोध घेतल्यावर गोव्यात 6,000 माणसं खरोखर वर्षाहून अधिक काळ बेकार आणि काम करायला तयार अशी निघाली. 150 मागे एक धरला तर 40 समुपदेशक लागतात, 100 मागे एक धरला तर 60. पगार, प्रवास, जागा मिळून एकावर वर्षाला 10 लाख धरले तर 4 ते 6 कोटी रुपये. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 28 हजार कोटींच्या वर होता. शोधाअंती आकडा दुप्पट निघाला तरी हा खर्च राज्याला जड नाही.

‘गोव्यात आधीच सरकारी नोकरांची एवढी संख्या, त्यात आणखी भर कशाला?’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. लोकसंख्येच्या मानानं आपल्याकडे सरकारी नोकर पुष्कळ आहेत हे कुणी नाकारत नाही. पण ते कुठे आहेत ते पाहा. एखाद्या खात्यात शिपाई आणि कारकून जास्त म्हणून बेकारांसमोर कुणी बसूच नये, हे कुठलं तर्कशास्त्र? काही जागा इतर खात्यांतून बदलीनं भरता येतील, पण तिथे एक धोका आहे. नकोसा झालेला कर्मचारी ढकलायची जागा म्हणून या कामाकडे पाहिलं तर ते पहिल्या दिवशीच संपलं. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली, कोकणी-मराठी सहज बोलणारी, दुचाकीवर गावोगाव फिरायची तयारी असलेली माणसं हवीत. कारखान्यात भरतीचं काम केलेले काही हवेत, कारण मालकाची भाषा त्यांना कळते. आणि काही तरी असे हवेत ज्यांनी स्वतः खाणबंदीनंतरची वर्षं काढली आणि त्यातून वाट काढली. त्यांच्यासमोर माणूस लवकर बोलतो.

ही पदं करारावर नकोत. अकरा महिन्यांच्या कराराची टांगती तलवार असलेली मुलगी दुसऱ्याला स्थिर नोकरीची उमेद कशी देणार? ती स्वतःच जाहिराती बघत असणार, आणि दुसरी नोकरी मिळाली की जाणार. बेकार माणसानं आपली सगळी कहाणी एकदा सांगितलेली असते. समोरचं माणूस दर वर्षी बदललं तर तो ती पुन्हा सांगत नाही.

मग हे काम खासगी संस्थेला द्या, ती वेगानं करील, असंही सुचवलं जातं. ऑस्ट्रेलियानं 1998 साली नेमकं हेच केलं. सरकारी रोजगार सेवा बंद करून कंत्राटी संस्थांचं जाळं उभारलं. नोकरी लागलेल्या माणसामागे पैसे मिळत असल्यामुळे ज्यांना पटकन नोकरी लागेल त्यांच्यावर संस्थांनी लक्ष दिलं, आणि अवघड माणसं नावापुरती यादीत ठेवून दिली. सरकारच्याच आयोगानं पुढे हा दोष दाखवला. आपल्याकडे हे झालं तर ताळगाव आणि पर्वरीच्या इंग्रजी बोलणाऱ्या पदवीधरांची सोय पंधरवड्यात होईल, आणि आपला टिपरचालक फाइलीत राहील. हीच चूक सरकारी कर्मचाऱ्याकडूनही होऊ शकते, त्याचं काम महिन्याला किती नेमणुका यावर मोजलं तर. मोजायचं ते नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, वर्षानं माणूस टिकला का. आणि सुरुवातीला तो किती मागे होता हे धरून.

‘मुळात नोकऱ्याच नाहीत, समुपदेशक काय करणार?’ समुपदेशक नोकऱ्या निर्माण करत नाही, हे मान्य. पण गोव्यात नोकऱ्या नाहीत हे अर्धंच खरं आहे. हॉटेलं, बांधकाम, औषध कारखाने बाहेरून माणसं आणतात. 2024 मध्ये गोव्यातल्या कारखान्यांसाठी राज्याबाहेर मुलाखती ठेवल्याचं उघड झालं तेव्हा केवढा गदारोळ झाला! सगळे कंपन्यांवर तुटून पडले. त्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्याला नावानिशी ओळखणारा, ‘माझ्याकडे अशी वीस माणसं तयार आहेत, आधी यांना बघा’ म्हणणारा एखादा सरकारी माणूस तेव्हा कुठे होता, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याच वेळी दुसरीकडे ‘गोवेकरांना काम नको’ हे वाक्य फेकलं जातं. बारा तासांची पाळी, राहायची सोय नाही, आणि हातात येणाऱ्या पगारातला मोठा भाग प्रवासात जाणार. अशा कामाला नाही म्हणणारा आळशी ठरत नाही. कामाच्या अटी मालकाकडून थोड्या सुधारून घेणं हाही समुपदेशकाच्या कामाचा भाग आहे, आणि जिथे अट वाजवी आहे तिथे समोरच्याला तसं स्पष्ट सांगणं हाही.

रोजगार मेळाव्यांबद्दल थोडंच. 2022 च्या नोव्हेंबरात ताळगावच्या स्टेडियमवर मोठा मेळावा झाला, हजारो मुलं रांगेत होती. ताज्या पदवीधरांना त्याचा उपयोग होतो. दहा वर्षं घरी बसलेला माणूस त्या गर्दीत जातच नाही. गेला तर बायोडेटा देऊन संध्याकाळी आणखी खचून घरी येतो.

राहिला वशिला. माझी खरी भीती इथे आहे. तालुक्यात बसलेला, मालकांना ओळखणारा, बेकारांची यादी हातात असलेला अधिकारी, हे पद उद्या स्थानिक आमदाराला हवंहवंसं वाटणार. आज नोकरीसाठी माणूस आमदाराच्या दारात उभा राहतो, आणि त्या रांगेवर पुष्कळांचं राजकारण उभं आहे. रोजगार कार्यालय नीट चाललं तर ती रांग छोटी होईल. म्हणूनच एवढी वर्षं ते कार्यालय नोंदवहीपुरतं राहिलं असावं, असं मला वाटतं. यावर उपाय म्हणजे नेमणूक गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून, बदलीचे नियम लेखी, आणि मतदारसंघाऐवजी तालुक्याची हद्द. आयोगाचा कायदा 2019 चा आहे. भरती खात्यांच्या आणि मंत्र्यांच्या हातून काढून घेण्यासाठीच तो आला. या पदांसाठीही तो वापरावा.

माणसं पंचायतीपर्यंत पाठवणं या राज्याला जमतं, हे आपण पाहिलं आहे. 2020 च्या ऑक्टोबरात स्वयंपूर्ण गोवा सुरू झालं तेव्हा 191 पंचायतींत ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून सरकारी अधिकारी नेमले गेले. ते आपलं मूळ काम सांभाळून आठवड्याकाठी येत, त्यामुळे योजनांचे अर्ज भरणं यापलीकडे फार जाता आलं नाही. पण पंचायत घरात खुर्ची मिळते, लोक येतात, विचारतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. तीच खुर्ची आता पूर्ण वेळच्या माणसाला द्यायची आहे.

बाराही तालुक्यांत एकदम करायची हिंमत नसेल तर डिचोली, सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे इथून सुरुवात करावी. प्रत्येक तालुक्यात पाच समुपदेशक, एकेकाकडे शंभर माणसं, म्हणजे वीस पदं आणि दोन हजार माणसं. पहिले तीन महिने फक्त शोधायचं काम: पंचायत, स्वयंसहाय्य गट, पतसंस्था, देवस्थान समिती, चर्च, जिथे जिथे माहिती मिळेल तिथे. मग दोन वर्षं काम, आणि उरलेल्या आठ तालुक्यांशी तुलना करून आकडे विधानसभेच्या पटलावर. येत्या अर्थसंकल्पात यासाठी कामगार आणि रोजगार आयुक्तालयाखाली वेगळं लेखाशीर्ष उघडावं, आणि वीस पदांची जाहिरात अधिवेशन संपल्याबरोबर निघावी.